रात्रीच्या ऊस वाहतुकीत माणूस दिसला पाहिजे : चमकपट्टीच्या जाकिटाची निवड

(गळीत हंगामापूर्वी ऊस उत्पादक, वाहतूकदार व मुकादम यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या विषय शिकवतो. त्यामुळे आडसालीची लागण, खोडव्यातील पाचट किंवा खताचे हप्ते यांवर काही ऐकायला मिळेल अशी तुमची अपेक्षा असणार. आज मात्र मी जाकिटावर बोलणार आहे. रस्त्यावर काम करणारी माणसे अंगात घालतात ते भडक रंगाचे, चमकत्या पट्ट्यांचे जाकीट. हा विषय उसाच्या बाहेरचा वाटेल, पण तसा तो नाही.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, ही शिफारस आम्हीच करतो. ऊस फडात किंवा काट्यावर पडून राहिला तर त्याचे वजन घटते, साखरेचे विघटन होते आणि उतारा उतरतो. शिफारस योग्यच आहे. परंतु तिचा रस्त्यावरचा अर्थ असा की कारखान्याची गव्हाण रात्रंदिवस चालते आणि तिला ऊस पुरवणारी माणसेही रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ट्रॉली भरून निघायला संध्याकाळ होते. बैलगाडीवाले पहाटे काळोखात निघतात. टोळीतील बायामाणसे कोप्यांवरून फडाकडे उजाडण्यापूर्वी चालत जातात. डिसेंबर-जानेवारीत त्यावर धुके उतरते. आपण उतारा वाचवायला निघालो आहोत, तर तो वाचवणारा माणूस मागून येणाऱ्या गाडीला दिसतो की नाही, हेही आपणच बघायला हवे.

किती अंतरावरून दिसला तर उपयोग?

थोडा हिशेब करू. ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात १६ ते १७ मीटर पुढे जाते. चालकाला काहीतरी दिसले, ते काय आहे हे त्याच्या ध्यानात आले, पाय ब्रेकवर गेला आणि गाडी थांबली, या सगळ्यासाठी रस्ते बांधणारे अभियंते या वेगाला सुमारे ८० मीटर अंतर धरतात. समोरून वाहन येत असल्याने दिवे डिपरवर असतील, तर मळकट किंवा गडद कपड्यातला माणूस चालकाला पुष्कळदा ३०-४० मीटरच्या आत आल्यावरच दिसतो. म्हणजे चालक सावध असला, प्यायलेला नसला, ब्रेक चांगले असले, तरीही गाडी वेळेत थांबत नाही. अशा वेळी दोष चालकाचा की चालणाऱ्याचा यावर गावात दोन दिवस चर्चा होते. अंतराचा हिशेब कोणी करत नाही.

चांगली चमकपट्टी अंगावर असलेला माणूस त्याच दिव्यांत दीडशे मीटर आणि त्याहूनही लांबून दिसतो. दोन सेकंदांच्या जागी आठ-नऊ सेकंद मिळतात. पैसे या जादा सेकंदांसाठी मोजायचे आहेत. जाकीट घेताना ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवली तर कोठे काटकसर करावी आणि कोठे करू नये हे आपोआप कळते.

‘रेडियम’ म्हणजे काय?

या पट्टीला आपल्याकडे सर्रास ‘रेडियम’ म्हणतात. दुकानातही त्याच नावाने मागावी लागते, म्हणून मीही म्हणतो. पण रेडियम धातूशी तिचा संबंध नाही आणि ती स्वतः उजळतही नाही. काही जण जाकीट दिवसभर उन्हात टांगतात, म्हणजे ‘रात्री चांगले चमकेल’. तसे होत नाही. उलट उन्हाने कापडाचा रंग लवकर उडतो.

पट्टीवर काचेचे अत्यंत बारीक मणी बसवलेले असतात, किंवा प्लास्टिकमध्ये बारीक कोनाकृती लोलक पाडलेले असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश इकडेतिकडे न पांगता ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत जातो. दिवे गाडीचे, आणि त्या दिव्यांच्या थोडा वर चालकाचा डोळा. म्हणून त्याला पट्टी पेटल्यासारखी दिसते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ती साधी राखाडी दिसते. आणि ज्या वाहनाचा दिवाच बंद आहे त्याच्या चालकाला या पट्टीचा काहीही उपयोग नाही.

पट्टीखालचे भडक कापड निराळे काम करते. पिवळ्या किंवा नारिंगी फ्लुरोसंट रंगात असे रंगद्रव्य असते की ते उन्हातील डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण शोषून घेते आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. त्यामुळे असे कापड दिवसा, ढगाळ हवेत, उजाडताना आणि मावळतीला आजूबाजूच्या रंगांपेक्षा उठून दिसते. रात्री ते किरणच नसतात, मग कापडाची ही करामत संपते. थोडक्यात, दिवसाचे काम कापडाचे आणि रात्रीचे काम पट्टीचे. ज्याचे काम रात्री आहे त्याने भडक कापडावर भाळून पट्टीत कसर करू नये. बाजारातील स्वस्त जाकिटांत नेमके हेच केलेले असते. कापड झगझगीत असते आणि पट्टी अरुंद व नावापुरती.

मानक काय मागते?

भारतीय मानक ब्युरोने अशा कपड्यांसाठी आयएस १५८०९ हे मानक ठरवले आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०४७१ असून ते २०१३ साली युरोपातील जुन्या ईएन ४७१ च्या जागी आले. दुकानात जुना क्रमांक छापलेली जाकिटे अजूनही दिसली तर आश्चर्य मानू नका, पण ती घेऊही नका.

आंतरराष्ट्रीय मानकात कपड्याचे तीन वर्ग आहेत. वर्ग भडक कापडाच्या आणि चमकपट्टीच्या दिसणाऱ्या क्षेत्रफळावर ठरतो. पहिल्या वर्गाला कापड ०.१४ चौरस मीटर व पट्टी ०.१० चौरस मीटर लागते. दुसऱ्याला कापड ०.५० व पट्टी ०.१३, आणि तिसऱ्याला कापड ०.८० व पट्टी ०.२० चौरस मीटर. त्याच मानकाच्या मार्गदर्शनानुसार वाहनांचा वेग ताशी ३० कि.मी.पर्यंत असेल तेथे पहिला वर्ग, ६० पर्यंत दुसरा, आणि त्याहून अधिक वेगाच्या रस्त्यावर तिसरा वर्ग योग्य ठरतो. तिसऱ्या वर्गात बाह्या किंवा पायही झाकावे लागतात, नुसत्या बिनबाह्यांच्या जाकिटाने तो पुरा होत नाही.

चौरस मीटरचे आकडे ऐकून घाबरू नका. पट्टी किमान ५ से.मी. रुंद असावी लागते. ०.१३ चौरस मीटरला ५ से.मी.ने भागले की २.६० मीटर लांबी येते. म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या जाकिटावर सगळी मिळून किमान २ मीटर ६० से.मी. पट्टी हवी. पहिल्या वर्गाला दोन मीटर, तिसऱ्याला चार मीटर. दुकानात मोजपट्टी नसेल तर विती टाका. मोठ्या माणसाची वीत साधारण २२ से.मी. धरली तर बारा विती भरल्या पाहिजेत. जाकीट टेबलावर पसरायचे, पुढची-मागची सगळी पट्टी विती टाकून मोजायची. सात-आठ वितींत पट्टी संपली तर दुकानदाराने कोणताही वर्ग सांगितला तरी विश्वास ठेवू नका. पट्टी बोटाएवढी अरुंद असेल तर मोजायचेही कारण नाही.

पट्टी कोठे बसवली आहे तेही पाहावे. छाती-पोटाभोवती दोन आडव्या पट्ट्या, किंवा एक आडवी आणि दोन्ही खांद्यांवरून पुढे-मागे उतरणाऱ्या दोन उभ्या, अशी रचना असते. आडवी पट्टी अंगाभोवती पूर्ण फिरली पाहिजे. पाठीवर रुंद पट्टी आणि बगलेत काहीच नाही, अशी जाकिटे पुष्कळ मिळतात. रस्ता ओलांडणारा माणूस चालकाला बाजूनेच दिसत असतो, तेव्हा बगलेतील तुटलेली पट्टी तेवढी महागात पडते.

येथे एक बोच बोलून दाखवतो. जाकिटे वाटली की पाठीवर देणाऱ्याचे नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत छापण्याची आपल्याकडे हौस आहे. प्रत्येक अक्षर भडक कापडाचा तेवढा भाग झाकते आणि जाकीट वर्गातून खाली उतरू शकते. नाव घालायचेच तर छातीवर, खिशाएवढे घाला. पट्टीवर तर काहीही छापू नये.

दुकानात करावयाच्या परीक्षा

बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर, उगवणशक्ती, मुदत पाहतो. जाकिटाच्या आतल्या बाजूस शिवलेल्या लेबलाकडे त्याच नजरेने पाहावे. त्यावर बनवणाऱ्याचे नाव, माप, मानकाचा क्रमांक, जाकिटाच्या चित्राशेजारी वर्गाचा आकडा आणि धुण्याच्या सूचना असाव्यात. किती धुण्यांपर्यंत जाकीट गुणवत्ता राखेल तोही आकडा पुष्कळदा असतो. आयएसआय चिन्ह असेल तर त्यासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर घालून खरा-खोटा तपासता येतो. नुसते ‘सीई’ ही दोन अक्षरे छापलेली, पण बनवणाऱ्याचे नाव नाही आणि मानकाचा क्रमांक नाही, असे लेबल असून नसल्यासारखे आहे.

लेबलानंतर पट्टी. खरी चमकपट्टी उजेडात फारशी सुंदर दिसत नाही, मंद राखाडी असते. लखलखीत रुपेरी दिसणारी पट्टी पुष्कळदा साधे रुपेरी प्लास्टिक असते. म्हणून जाकीट दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगायला सांगा, पंधरा-वीस पावले मागे जा आणि बॅटरी कानशिलाशी, डोळ्याच्या रेषेत धरून उजेड टाका. बॅटरी कमरेजवळ धरली तर परीक्षा चुकते, कारण प्रकाश बॅटरीकडे परत जातो, डोळ्याकडे नाही. पट्टी पांढरीशुभ्र पेटली पाहिजे. तुलनेसाठी दुकानाबाहेरच्या मोटारसायकलीच्या नंबरप्लेटवर तोच उजेड टाकून पाहा. बॅटरी नसेल तर मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. खरी पट्टी फोटोत जळाल्यासारखी पांढरी येते, खोटी राखाडीच राहते.

मग त्याच पट्टीवर थोडे पाणी शिंपडा आणि पुन्हा उजेड टाका. दवात व धुक्यात जाकीट ओले होणारच आहे. मानकानुसार नव्या पट्टीची चमक ठरावीक कोनातून मोजली असता किमान ३३० एकके असावी लागते, आणि पावसाच्या, घासण्याच्या व धुण्याच्या चाचण्यांनंतरही ती १०० च्या खाली जाऊन चालत नाही. आपल्याजवळ यंत्र नाही, पण पाणी टाकताच पट्टी मेली तर ते डोळ्यांना दिसते. शेवटी अंगठ्याच्या नखाने कडेला हलके घासा. भुकटी निघाली तर ते काचेचे मणी आहेत, आणि आठ दिवसांच्या घामात व पाचटाच्या घासणीत उरलेलेही निघून जातील.

कापडाचा रंग कोणता घ्यावा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. पोपटी झाक असलेला पिवळा रंग आपल्या डोळ्याला सर्वांत लवकर जाणवतो, आणि संधिप्रकाशात तो नारिंगीपेक्षा अधिक वेळ टिकून दिसतो. डांबरी रस्त्यावर तो चांगला. पण हिरव्या उसाच्या, पिवळट पाचटाच्या पार्श्वभूमीवर तोच रंग बुडतो. जेथे तोडणी यंत्र चालते, त्याच्या बाजूने ट्रॅक्टर पळतो आणि मागे राहिलेली टिपरी गोळा करायला माणसे फिरतात, तेथे यंत्रचालकाला नारिंगी माणूस लवकर दिसतो. म्हणून फडात यंत्राभोवती नारिंगी आणि रस्त्यावर पिवळा, असे मी सांगतो. एकच रंग परवडत असेल तर ज्या जागी धोका जास्त तेथला घ्या. रात्रीपुरते बोलायचे तर रंगाने फार फरक पडत नाही, तेथे पट्टी पाहावी.

अंगावर बसते का?

प्रमाणित जाकीट घेऊनही ते वाया जाते, याचे सगळ्यात मोठे कारण माप. पहाटे थंडी असते. गाडीवान जाकीट घालतो आणि वरून शाल किंवा घोंगडी पांघरतो. चमकपट्टी घोंगडीच्या आत राहते. म्हणून जाकीट स्वेटरवर, शालीवर बसेल एवढे मोठे घ्यावे आणि ते नेहमी सर्वांत बाहेर असावे. बाजूला चिकटपट्टीने किंवा बंदाने आवळता येणारे असेल तर तेच एक माप दुपारीही चालते.

भगिनींच्या बाबतीत मापे घेणारा विचारच करत नाही. साडीवर पुरुषी सदरा घालून काम करण्याची त्यांची रीत आहे, त्या सदऱ्यावर जाकीट नीट बसते. पण डोक्यावरून पाठीवर सोडलेला पदर किंवा टॉवेल मागची पट्टी झाकतो. पदर जाकिटाच्या आत खोचावा. आणि मोळी डोक्यावर घेतली की वाढे खांद्यांवर लोंबतात, खांद्याची पट्टी दिसेनाशी होते. त्यामुळे मोळी वाहणाऱ्यांसाठी कमरेच्या जवळ आडवी पट्टी असलेलेच जाकीट निवडावे.

जाळीचे कापड घ्यावे की सलग? दुपारच्या उन्हात जाळीचे सुसह्य असते आणि सुसह्य असलेलेच अंगावर राहते. मात्र उसाच्या पानाची धार जाळीत अडकते व ती फाटते. प्रत्यक्ष तोडणी करताना जाकीट काढून ठेवले तरी चालेल, पण जेथे तोडणी यंत्र चालू आहे तेथे काढू नये. भरणी, वाहतूक आणि रस्त्यावरून ये-जा या वेळी ते अंगावर हवेच.

पैसे थोडे असतील तर

आता मुद्द्याचे. समजा दहा कोयत्यांची टोळी आहे, म्हणजे वीस माणसे, आणि सोबत एक ट्रॅक्टर व दोन ट्रॉल्या. प्रमाणित जाकीट आणि बाजारातील नुसते नावाचे जाकीट यांच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक पडतो. मुकादम किंवा वाहतूकदार म्हणतो, ‘साहेब, एवढ्या पैशात सगळ्यांना स्वस्तातली घेतो. कोणी नाराज नको.’ हे बोलणे माणुसकीचे आहे, पण हिशेबाचे नाही. खोट्या पट्टीचे जाकीट घातलेल्या माणसाला वाटते की आपण दिसतो आहोत. तो रस्त्याच्या अधिक आत चालतो, गाडीकडे पाठ करून उभा राहतो. त्याच्यापेक्षा काहीच न घातलेला माणूस सावध असतो.

माझ्या मते आधी कामे पाहावीत. ट्रॉलीचे चाक रस्त्यात पंक्चर झाले की खाली उतरणारा चालक आणि त्याचा जोडीदार, हे दोघे सर्वांत धोक्यात असतात. शेतातून रस्त्यावर ट्रॉली काढताना मागच्या-पुढच्या वाहनांना हात करणारा तिसरा. रात्री रस्त्याच्या कडेला भरणी असेल तर रस्त्याच्या बाजूने उभे राहणारे दोन-तीन जण. या पाच-सहा जणांना दुसऱ्या वर्गाची प्रमाणित जाकिटे घ्या, आणि महामार्गावरून वाहतूक असेल तर चालक व जोडीदाराला बाह्यांचे, तिसऱ्या वर्गाचे. चालकाची जाकिटे ट्रॅक्टरवरच टांगलेली राहावीत, घरी नव्हे. वर्षभर मिरवायला ती दिलेली नाहीत.

उरलेल्यांसाठी शिवून लावण्याची ५ से.मी. रुंदीची पट्टी मीटरवर किंवा शंभर मीटरच्या गुंडाळीने घ्या. चिकटवायची नव्हे, ती वाहनाची असते आणि कापडावर टिकत नाही. मघाच्या सर्व परीक्षा हिलाही लावा. गावातल्या शिंप्याकडून मजुरांच्या नेहमीच्या सदऱ्यावर दोन आडव्या आणि दोन खांद्यांवरच्या पट्ट्या शिवून घ्या. सदऱ्यामागे २.६० मीटर आणि दोन्ही घोट्यांना बांधायच्या पट्ट्यांसाठी आणखी ६० से.मी. धरले तर एका माणसाला ३.२० मीटर लागते. शंभर मीटरच्या एका गुंडाळीत एकतीस माणसे होतात. म्हणजे सगळी टोळी होऊन थोडी उरते.

घोट्याची पट्टी मी मुद्दाम सांगितली. अंगावरची पट्टी दुरून एक स्थिर ठिपका दिसते. चालकाला तो मैलाचा दगड वाटू शकतो, पाटी वाटू शकते. घोट्यावरची पट्टी चालताना मागे-पुढे हलते, आणि हा चालणारा माणूस आहे हे चालकाच्या लगेच ध्यानात येते. परदेशात झालेल्या अनेक चाचण्यांत हा फायदा पुन्हा पुन्हा दिसला आहे. सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त गुण देणारी वस्तू कोणती असे विचाराल तर मी घोट्याच्या दोन पट्ट्या सांगेन. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला रस्त्याने जाणाऱ्या शेतकऱ्यानेही त्या बांधाव्यात.

पण एक स्पष्ट करतो. शिंप्याकडून शिवलेला सदरा प्रमाणित नाही. कारखान्याच्या आवारात किंवा रस्त्याच्या कंत्राटी कामावर जेथे नियमाने प्रमाणित जाकीट मागितले जाते, तेथे तो दाखवून चालणार नाही. तो टोळीच्या स्वतःच्या जिवासाठी आहे. आणि हा खर्च मजुराच्या उचलीतून कापू नये. कापलेले जाकीट मजूर घालत नाही, जपून ठेवतो.

मेळाव्यात एका गाडीवानाने विचारले की, मी बैलगाडीवर पुढे बसतो, मला जाकिटाचा काय उपयोग? प्रश्न चोख आहे. मागून येणाऱ्याला उसाचा भारा दिसतो, गाडीवान दिसतच नाही. बसलेल्या गाडीवानाला मागून वाचवते ते गाडीच्या मागे लावलेले रेडियम, जाकीट नाही. तेही पाठीमागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकले जाते. म्हणून लाल पट्टी लावलेली फळी भाऱ्याच्या बाहेर, दोरीने लोंबती बांधावी आणि दोन्ही कडांना लावावी, म्हणजे गाडीची रुंदी कळते. जाकीट लागते ते चढाला खाली उतरून बैलांबरोबर चालताना. ट्रॉलीचेही तसेच. मागचे रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले असतील तर चालकाच्या नव्या जाकिटाने काही साधत नाही. काट्यावर नंबरात उभे असताना फडक्याने ते पुसायला दोन मिनिटे लागतात. पंक्चर काढताना चाकाखाली लावलेले दगड निघताना उचलून कडेला टाकावेत, हे येथे सांगण्याचे कारण तुम्हाला ठाऊक आहे.

जाकीट कोठे घालू नये

ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. बटण न लावलेल्या जाकिटाचे टोक त्यात गेले की माणसाला हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उघडे पट्टे यांच्याजवळ काम करताना सैल जाकीट घालूच नये. तेथे अंगासरशी सदरा बरा. शाफ्टवर झाकण असणे ही वेगळी आणि आधीची गोष्ट आहे. ज्यांना यंत्र आणि रस्ता दोन्ही ठिकाणी वावरावे लागते, त्यांच्यासाठी ओढ बसताच खांद्यावर व बाजूला सुटणारी, चिकटपट्टीने जोडलेली जाकिटे मिळतात. थोडी महाग असतात, पण ट्रॅक्टरचालकाला तीच घ्यावीत.

धुणे व ठेवणे

जाकीट धुवायला हरकत नाही, मळलेले जाकीट भडक राहत नाही. मात्र दगडावर आपटू नये, पट्टीवर ब्रश चालवू नये, ब्लीचिंग पावडर वापरू नये. कोमट किंवा गार पाण्यात साध्या साबणाने हाताने चोळून सावलीत वाळवावे. पट्टीवर इस्त्री फिरवू नये आणि जाकीट पट्टीवर घडी पडेल असे दडपून ठेवू नये. महिन्यातून एकदा टोळीतील सगळी जाकिटे रात्री दोरीवर टांगून वीस पावलांवरून बॅटरीने पाहावीत. नव्याच्या शेजारी ठेवलेले जुने निम्म्याहून मंद दिसले, किंवा दिवसा कापडाचा रंग फिक्का पांढुरका झालेला दिसला, तर ते रस्त्यावरून बाद करावे. पट्टी चांगली असेल तर उसवून सदऱ्यावर शिवता येते. अशी पट्टी कोणाच्या सदऱ्यावर लावली त्याची नोंद मुकादमाच्या वहीत ठेवावी, म्हणजे पुढच्या हंगामात तिलाच नवी समजून कोणी मोजणार नाही. खरेदी दसऱ्यापूर्वी करावी. गाड्या सुरू झाल्या की तालुक्याच्या दुकानात उरलेलीच जाकिटे मिळतात, आणि ती सगळी एकाच लहान मापाची असतात.